कोपऱ्यात जुना, चढाईला नवा

अलिबाग-मुरूड पट्ट्यात कबड्डीचा संघ निवडताना जुन्यांना झुकतं माप मिळालं की पोरं कुरकुरणारच. पण कोपरारक्षकाचं काम बघा: चढाईपटूच्या घोट्यावर क्षणभर आधी झेप टाकली की गुण गेलाच. हा संयम मैदानावर वर्षं घालवूनच येतो. संघ सांभाळायलाही तोच लागतो: २०१५ मध्ये यू मुंबाने प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा कर्णधार अनुप कुमार तिशी ओलांडलेला होता.

यावर पुणेरी पलटणचा दाखला येईल. अस्लम इनामदारच्या तरुण संघाने २०२४ ची अंतिम लढत २८-२५ अशी मारली. खरंय! पण त्यातले बरेच जण २०२२ च्या अंतिम सामन्यात हरलेल्या संघातलेच. म्हणजे अनुभव वयात नव्हे, सामन्यांत मोजायचा. आणि बाकावर बसवून सामने मिळत नाहीत. नव्या पोराला निदान तिसऱ्या चढाईपटूची जागा द्या. तिथली चूक निस्तरता येते, कोपऱ्यातली महागात पडते.