बालमनावर धर्मसंस्कार : आधी नेम आईवडिलांचा

आज आषाढ शुद्ध एकादशी. श्रीहरी आज योगनिद्रेत जातात अशी आपली श्रद्धा असून, आजपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास चालेल. आमची पंढरी वैष्णवांच्या मेळ्याने भरून गेली आहे. वडिलांच्या खांद्यावर बसून कळसाकडे हात जोडणारी, गळ्यात प्रथमच तुळशीमाळ पडलेली, आईच्या कडेवर झोपी गेलेली अशी असंख्य लेकरे या गर्दीत दिसतात. आपण कोठे आलो आहोत हेही त्यांतील कित्येकांस ठाऊक नसते.

गतवर्षी याच दिवसांत कीर्तनानंतर एका सुविद्य भगिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "बुवा, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला देवधर्म शिकवावा की नाही यावरून आमच्या घरात वाद आहे. त्याचे वडील म्हणतात, त्याला आज काय कळतंय? मोठा झाला की त्याचं तो ठरवील. आत्ता शिकवणं म्हणजे लादणंच. तुम्हीच सांगा, आम्ही काय करावं?"

आम्ही त्या वेळी संस्कारांची महती गाणारी चार वाक्ये बोललो. ती नमस्कार करून निघून गेली. तिचे समाधान झाले नाही, हे आम्हांस तेव्हाच कळले. तिला जे उत्तर द्यावयास हवे होते, ते आज देत आहोत.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे आणि मग उत्तर द्यावे, ही आपल्या शास्त्रकारांची रीत. त्या रीतीने पाहता मुलाच्या वडिलांचे म्हणणे टाकाऊ नाही. बालक जे ऐकते ते सत्य मानते. तोलून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. अशा मुलास "देव डोळे फोडील" म्हणून धाक घातला, तर ते हात जोडील, पण त्या हातांत भक्ती असणार नाही.

फार काय, शास्त्रानेही बालकास मोकळे सोडले आहे. मुंजीचे वय गृह्यसूत्रांनी ब्राह्मणास आठ, क्षत्रियास अकरा व वैश्यास बारा असे सांगितले. आणि त्यापूर्वी मुलाच्या वागण्यास, बोलण्यास, खाण्यापिण्यास निर्बंध नाही, असे गौतमधर्मसूत्र स्पष्टपणे म्हणते. ज्या परंपरेस आपण कडक म्हणतो, तिने पाच वर्षांच्या मुलावर कसलेही ओझे ठेवले नव्हते.

परंतु याच वयासाठी तिने संस्कार मात्र किती योजिले! जातकर्म, नामकरण, निष्क्रमण, अन्नप्राशन, चौल. वाचकहो, या संस्कारांत बालक स्वतः काय करते? काहीच नाही. मधाचे बोट त्याला चाटवितात, घराबाहेर नेऊन सूर्य दाखवितात, पहिला घास भरवितात. संकल्प, स्नान, उपवास हे सारे आईबापांनी करावयाचे. लहानपणी धर्माचे कर्तव्य मुलावर नसून मातापित्यांवर आहे, हाच त्या योजनेचा अर्थ. सरकारी खर्चाने पूर्णतः चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्मशिक्षण देता येत नाही, असे आपल्या संविधानाचे २८ वे कलम सांगते. तेही योग्यच आहे, कारण हे काम मुळात घराचे आहे.

मांडीवरचा प्रल्हाद

"मोठेपणी ठरवील" म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर इतकेच की, तोवर मूल कोरे राहत नाही. घरात कशाला मान आहे, कशासाठी भांडण होते, कोणापुढे मान लवते, हे ते रोज पाहत असते. न शिकविणे हेही एक शिकविणेच ठरते.

"लादल्यावाचून येत नाही" म्हणणाऱ्यांस मात्र भागवताच्या सप्तम स्कंधाकडे बोट दाखवावे लागेल. हिरण्यकशिपूने पुत्राच्या शिक्षणात काय उणे ठेवले? शंड आणि अमर्क हे शुक्राचार्यांचे पुत्र त्यास गुरू म्हणून लाभले. बाप कौतुकाने पोराला मांडीवर घेई आणि काय शिकलास म्हणून विचारी. अपेक्षित उत्तर आले नाही तेव्हा त्याच बापाने पाच वर्षांच्या त्या मुलास मांडीवरून खाली फेकले. प्रल्हादाने आपला धर्म घेतला तो मातेच्या उदरात असताना. नारदांच्या आश्रमात कयाधू स्वतःसाठी श्रवण करीत बसली होती, आणि ते गर्भाने घेतले. बापाने मुलाला शिकविले; आईने स्वतः ऐकले. काय टिकले, हे सांगावयास नको.

आमचीच चूक

ही कथा आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. तरीही मांडीवरून फेकण्याचे पाप आमच्या हातून घडले, हे आज लिहिले नाही तर हा लेख खोटा होईल.

आमचा ज्येष्ठ चिरंजीव सात वर्षांचा होता. बुवांचा मुलगा म्हणून त्याची रामरक्षा तोंडपाठ हवी, असा आमचा हट्ट. एके दिवशी पाहुण्यांसमोर त्यास म्हणावयास उभे केले. तो मध्यावर अडखळला. आम्ही चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी त्याने अखंड रामरक्षा एकही चूक न करता म्हणून दाखविली आणि आम्ही स्वतःवर प्रसन्न झालो. पुढे तो शिक्षणासाठी पुण्यास गेला. त्यानंतर पंचवीस वर्षे त्याच्या मुखातून रामरक्षा आम्ही ऐकली नाही. त्याच्या बिऱ्हाडी देवघर नव्हते. आम्ही कालमानास दोष देत राहिलो.

कठोपनिषदातील नचिकेता आठवावा. बाप सर्वस्वाचे दान करीत होता आणि द्यावयास काढल्या होत्या भाकड, थकलेल्या गाई. ते पाहून मुलाच्या ठायी श्रद्धा उपजली, असे उपनिषद सांगते. आणि त्या श्रद्धेचे पहिले रूप म्हणजे बापास विचारलेला प्रश्न! बाप संतापला, तुला मृत्यूस देतो म्हणाला. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेल्या त्या बालकाने पहिला वर कोणता मागितला? बापाचा राग शांत व्हावा, हा. हे निरूपण आम्ही कितीदा तरी केले. हाच वर आमच्या घरातही कोणी मुकाट्याने मागत असेल, हे मात्र कधी मनात आले नाही.

नैवेद्याचे ताट

दोन वर्षांमागे आषाढी द्वादशीस चिरंजीव सहकुटुंब घरी आला होता. पारण्याचा नैवेद्य दाखवून झाला. आमची पाच वर्षांची नात ताटाकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, "आबा, देव खरंच जेवतो का? ताट तर तसंच आहे."

शास्त्रोक्त उत्तर ओठांवर होते. पण समोर चिरंजीव उभा होता, आणि आता हे काय बोलतात ते तो पाहत होता. आम्ही म्हणालो, "बाळा, त्याला जेवताना मी पाहिलेलं नाही. पण ज्यानं दिलं त्याला आधी दाखवल्याशिवाय खाऊ नये, असं माझ्या आईनं शिकवलं. आजवर तसंच करत आलो, आणि त्यानं मला बरं वाटतं."

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग उद्या मी दाखवू?"

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पळी देऊन ताटाखाली पाण्याचे चौकोनी मंडल कसे करावे, हे तिला चिरंजीवानेच दाखविले. ते त्यास आम्ही शिकविले नव्हते. त्याच्या आजीजवळ बसून त्याने ते पाहिले होते.

महाद्वारातील पायरी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या नामदेवरायांची बालपणची कथा घरोघरी ठाऊक आहे. वडील दामाशेटी परगावी गेले, मुलास नैवेद्य न्यावयास सांगितले. देव जेवेना तेव्हा त्या पोराने आकांत मांडला, आणि पांडुरंगास जेवावे लागले. मुलाने घरी येऊन सांगितले, तेव्हा घरच्यांचाच विश्वास बसेना, असे आख्यानात पुढे येते. देव जेवतो हे मुलाला सांगणारी वडील माणसेच ते मानीत नव्हती! लेकरू आपला शब्द अक्षरशः खरा धरते. म्हणून जे आपण स्वतः मानतो तेवढेच त्यास सांगावे, आणि जेथे आपणांस कळत नाही तेथे कळत नाही म्हणावे.

शिकविलेले कोठवर जाते, याची साक्षही पंढरीतच आहे. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, असे सांगणारी आई सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई'त रंगविली. त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये, अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून, या गावात उपोषण केले. आईने दिलेला धर्म मुलाने मोठेपणी मंदिराच्या दारापर्यंत आणला, आणि दार मोठे करावयास लावले. दुसऱ्यास हलके लेखावयास शिकविणारा पाठ घरात होत असेल, तर तो धर्माचा पाठ नव्हे.

यंदाचा नेम

चातुर्मासात नेम धरण्याची आपली चाल आहे. त्या भगिनीस आणि तिच्या यजमानांस आमची विनंती की, यंदा मुलाला कसलाही नेम लावू नका. तुम्ही दोघांनी धरा. सांजवात रोज ठरल्या वेळी लावा. मूल जवळ आले तर बसू द्या, खेळावयास गेले तर जाऊ द्या. देवाच्या नावाने धाक घालू नका. पाहुण्यांपुढे स्तोत्र म्हणावयास उभे करू नका. त्याने विचारलेल्या एकाही प्रश्नावर रागावू नका. दारी आलेल्यास त्याच्या हाताने काही द्या. मोठेपणी तो ठरवील, हे यजमानांचे म्हणणे खरेच आहे. ठरविताना घरची ती समई त्याला आठवावी, इतकी तजवीज मात्र आज आपण करावयाची.

आम्हीही एक नेम धरला आहे. चिरंजीवास रामरक्षा म्हण, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्या दिवशीच्या थोबाडीत मारण्याबद्दल मात्र, येत्या द्वादशीस तो घरी आला की, त्याची क्षमा मागणार आहोत. पांडुरंग आम्हांस तेवढे धैर्य देवो, आणि आपणां सर्वांच्या घरी लेकरांचे हात धाकाने नव्हे, प्रेमाने जोडले जावोत.