गिअर कानाने टाकायचा!

मामांनी जुनी फियाट घेतली तेव्हा आमच्या गिरगावातल्या चाळीत घरोघर पेढे वाटले गेले होते. आठच दिवसांनी मामांनी मला चाकामागे बसवले. चौपाटीपर्यंतचा सपाट रस्ता निर्विघ्न पार पडला. पण वाळकेश्वरचा चढ लागला आणि गाडी धापा टाकू लागली. दुसऱ्या गिअरातून पहिल्यात जावे म्हणून मी दांडा ओढला मात्र, आतून असा काही करकराट झाला की फुटपाथवरून फिरायला निघालेले दोन गृहस्थ जागीच थबकले! मामा शांतपणे म्हणाले, "अरे, गिअर हाताने टाकत नसतात, कानाने टाकतात. इंजिन काय म्हणतंय ते आधी ऐक."

वाचकहो, मोटारीला हे गिअर लागतातच कशाला? चढावर भरलेली हातगाडी नेणारा गडी आपण पाहिलाच असेल. तो सरळ वर जात नाही. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जातो. वाट लांबते, पण जोर कमी लागतो. गिअरपेटीत हाच व्यवहार दातेरी चाकांनी होतो. १० दातांचे चाक ४० दातांच्या चाकाला फिरवू लागले, की पहिल्याचे चार फेरे होतात तेव्हा दुसऱ्याचा एक होतो. पण घर्षणात जाईल तेवढा सोडून जोर मात्र चौपट होतो. वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा, असा हा रोखीचा सौदा! पेट्रोलच्या इंजिनाला तो करावाच लागतो, कारण पुरेसे फेरे झाल्याखेरीज त्याच्या अंगात बळ येत नाही. गिरगावातून धावणाऱ्या विजेच्या ट्रामला असे गिअर बदलावे लागत नसत. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच भरपूर जोर देते.

पहिल्या मोटारींत ही चाके फिरत असतानाच एकमेकांत सरकवावी लागत. दोघांची गती जुळली तर ती मुकाट बसत; न जुळली तर दातांवर दात! धावती ट्राम पकडणारा माणूस काय करी? ट्रामबरोबर तिच्याच वेगाने चार पावले पळे आणि मगच दांडी धरी. उभ्या उभ्या हात घालणारा रस्त्यावर लोळण घेई. जुने ड्रायव्हर हीच युक्ती पायाने करीत. क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलकीशी टिचकी द्यायची, इंजिनाचा सूर वर चढला की पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर अलगद बसवायचा. यालाच डबल क्लच म्हणतात. वेग दाखवणारा काटा यात कामाचा नाही, कानच हवा.

फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात विकलेल्या सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीत या कटकटीवर निराळाच तोडगा होता. पुढे जाण्याचे दोनच गिअर, आणि तेही पायाखालच्या पट्टीने बदलायचे! पुढे १९२८ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. यात दात भिडण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे भाग एकमेकांवर घासून दोन्हींची गती सारखी करतात. जणू लग्न ठरवणारा मध्यस्थच!

आपल्या फियाटमध्ये हा मध्यस्थ दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअराला होता, पहिल्याला नव्हता. म्हणूनच चालत्या गाडीत पहिला टाकताना माझी फजिती झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडे. पुढे तिचे नाव 'पद्मिनी' झाले. इंजिन अवघे १०८९ सीसीचे, आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या नळीला डाव्या बाजूस. त्यामुळे पुढचा बाक सलग राहिला, आणि मुंबईच्या कुटुंबवत्सल माणसाला एक भाचा आणि एक वळकटी जास्त नेता आली!

मामांचा दुसरा नियम खंडाळ्याच्या घाटासाठी होता. ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग पुष्कळ. पण खालच्या गिअरात इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये सारा भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात.

आता ती फियाट टॅक्सी राहिली नाही. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंद २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरात तिने मुंबईचा निरोप घेतला. त्या वेळी अनेकांचे डोळे पाणावले. पण ते डोळे बहुतेक मागच्या बाकावरचे होते. गिरगावच्या गर्दीत दिवसभर क्लच दाबणाऱ्या ड्रायव्हरचा डावा गुडघा कोणी विचारात घेतला होता? त्याला विचाराल तर तो आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीलाच पसंती देईल, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

१९६४ च्या ३१ मार्चला मुंबईची ट्राम बंद झाली. आज विजेच्या मोटारी आणि बसगाड्या रस्त्यावर आल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना ट्रामप्रमाणेच बदलायचे गिअर नाहीत. चाक फिरून पुन्हा तिथेच आले म्हणायचे!

तेव्हा दांडा गेला याचे दुःख नको. जपायचा तो कान. ज्यांच्या घरी जुनी गाडी अजून आहे, त्यांनी ती नुसती पुसून ठेवू नये. शेजारी मुलाला किंवा मुलीला बसवून एकदा चढावर न्यावी. कारण अडाणी हाती ती पडली, तर तिचे दात झिजायला वेळ लागत नाही, आणि ते दात सहजी मिळत नाहीत.

परवा माझ्या भाचीला मी वाळकेश्वरच्या त्याच चढावर नेले. दुसरा गिअर संपत आला. तिने क्षणभर मान कलती केली, अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी दिली, आणि पहिला गिअर आवाजही न करता बसला. मी मामांसारखे काहीतरी बोलणार होतो, पण ती म्हणाली, "मामा, जरा गप्प बस ना. मला ऐकू येत नाहीये."