ठोकळे, पेठा आणि सपाट कागद

सौंसर तालुक्यातल्या जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. उभ्या मारुतीचं चित्र समोरून काढलं की भागतं. इथं वरूनच पाहावं लागतं, आणि तरीही मूर्तीची जाडी कागदावर उतरत नाही. सॉफ्टवेअरचे आराखडे काढणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं. फरक एवढाच की त्यांच्या मूर्तीला मुळात आकारच नव्हता.

नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने यूएमएल ही आकृत्यांची भाषा प्रमाण म्हणून स्वीकारली. चौकोन, रेघा, बाण. तिच्या सुरुवातीच्या मार्गदर्शिकेत एक मजेशीर कबुली सापडते: खरी त्रिमितीय मांडणी लवकरच डेस्कटॉपवर जमू शकेल, पण तूर्त ती व्यवहार्य नाही. पुढच्याच वर्षी क्योटोच्या परिषदेत जोसेफ गिल आणि स्टुअर्ट केंट यांनी त्रिमितीय मॉडेलिंगवर निबंध मांडला. आकृतीला खोली दिली तर तिच्यात जास्त अर्थ मावेल, ही त्यामागची आशा.

सगळ्यांत देखणा प्रयोग मात्र दहाएक वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत झाला. रिचर्ड वेटेल आणि मिकेले लान्झा यांच्या ‘कोडसिटी’त प्रणाली शहरासारखी दिसते. प्रत्येक क्लास, म्हणजे कोडचा एक घटक, ही इमारत; क्लासांचा गट, म्हणजे पॅकेज, ही पेठ. क्लासला करता येणारी कामं, म्हणजे मेथड, जितक्या जास्त तितकी इमारत उंच. त्याने बाळगलेले माहितीचे तुकडे, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, जितके जास्त तितका तिचा पाया रुंद. नको तितकं फुगलेलं कोड त्यात एखाद्या आडदांड टॉवरसारखं लगेच नजरेत भरतं. शहर पाहायला झकास, पण रोजच्या कामात ते रुजलं नाही. पुढची इमारत मागचीला झाकते, दृश्य सारखं फिरवावं लागतं, आणि चर्चा रंगली की माणसं शेवटी फळ्यावर चौकोनच काढतात!

पुण्यात वाट वेगळी निघाली. १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्रात आकृती सजवण्यापेक्षा तिच्याकडून काम करून घेण्यावर भर होता. तिथल्या मंडळींनी घडवलेल्या ‘मास्टरक्राफ्ट’मध्ये मॉडेलवरून थेट कोड तयार होई. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’मध्ये या पद्धतीबद्दल लिहिलं: प्रणालीची वेगवेगळी अंगं सुटी मांडावीत, मग यंत्राने ती गुंफावीत. खोली इथंही आहे, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावरच्या शहरांपेक्षा हीच खोली जास्त उपयोगी पडली.

डोळ्यांना दिसणारी खोली सपाट यूएमएलमध्येही एका जागी उरली आहे: प्रोग्राम ज्या यंत्रावर चालतो ते दाखवायला घनाकृती ठोकळा काढतात. २०१५ च्या २.५ आवृत्तीतही तो तसाच आहे: तीन बाजू दिसतात, चौथी पाहण्याची सोय नाही.