बिघाड कुठे आहे, ते आधी ओळखा!

सकाळचे साडेसात वाजलेले असतात. एकीकडे डबे भरायचे असतात, दुसरीकडे चटणी वाटायची असते, आणि नेमका त्याच वेळी मिक्सर ‘घुर्रऽऽ’ करून गप्प बसतो. तुम्ही बटण पुढे-मागे करून पाहता, एक-दोन चापट्याही मारता. काही उपयोग नाही! ‘ह्यां’ना सांगावं तर “संध्याकाळी बघू” हे उत्तर ठरलेलं. ती संध्याकाळ काही लवकर उगवत नाही. शेवटी चार दिवसांनी मिक्सर पिशवीत घालून तुम्हीच दुकानात जाता. दुकानदार तो उलटा करतो, बुडाचं एक लाल बटण दाबतो आणि मिक्सर सुरू होतो! पैसे घेताना तो जरासा हसतो. खरं सांगू? पैशांपेक्षा ते हसूच जास्त लागतं.

मैत्रिणींनो, हा अनुभव माझा आहे, तसा तुमच्यापैकी अनेकींचा असेल. पण हा लेख मी त्या हसण्यापायी लिहीत नाही. त्यानंतर घडलेल्या एका प्रसंगामुळे लिहिते आहे.

पावसाळ्याचे दिवस होते. फरशी नुकतीच पुसून घेतली होती. माझी धाकटी मुलगी अनवाणीच फ्रीजमधून पाणी घ्यायला गेली आणि “आई, फ्रीज चावतो!” म्हणून ओरडत परत आली. मी हसण्यावारी नेलं. कारण गेले आठ-दहा दिवस मलाही त्या दाराला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होत होतं, आणि ‘पावसाळ्यात असं होतंच’ म्हणून मी पायात चपला घालून दार उघडत होते!

दुसऱ्या दिवशी शाळेत सहज बोलता बोलता ही गोष्ट निघाली. आमच्या विज्ञानाच्या बाई हातातला चहा ठेवून म्हणाल्या, “अहो, घरी फोन करा आणि आधी तो फ्रीज बंद करायला सांगा. हे चावणं नव्हे, ही सूचना आहे.”

वायरमन आला. पाहतो तर फ्रीजच्या मागची वायर उंदरानं कुरतडलेली आणि आतली तार पत्र्याला टेकलेली. पण खरी मेख पुढेच होती. काही महिन्यांपूर्वी एका कारागिराने फ्रीजला नवा प्लग बसवला होता. हिरवी तार आखूड पडली म्हणून त्याने ती सरळ कापून टाकली होती. ती हिरवी तार म्हणजे अर्थिंग. ती जागेवर असती तर पत्र्यात उतरलेली वीज तिच्या वाटेने जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता आणि त्याच दिवशी बिघाड कळला असता. तार नव्हती, म्हणून फ्रीज ‘चालू’ राहिला आणि ती वीज माझ्या लेकीच्या ओल्या पावलांची वाट बघत थांबली. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. दुरुस्ती येवो न येवो, बिघाड कुठे आहे हे आपल्याला कळलंच पाहिजे. त्याला पदवी लागत नाही. मी बी.ए.ला मराठी घेतलेली बाई. मला जमलं, तर तुम्हालाही जमेल.

तीन टोपल्या करा

धान्य निवडताना आपण दाणे, खडे, कोंडा वेगळा करतो ना? तसेच बिघाडही वेगळे करायचे. पहिल्या टोपलीत आपण स्वतः करायची कामं: साफ करणं, बटण दाबणं, रबर बदलणं. दुसऱ्या टोपलीत नुसतं पाहून नीट सांगण्याच्या गोष्टी: आवाज कसला येतो, वास कसला येतो, कधी बंद पडतं. तिसऱ्या टोपलीला हात लावायचा नाही: यंत्राच्या आतल्या तारा, गॅसचा रेग्युलेटर उघडणं, भिंतीतलं वायरिंग. आणि कोणतीही टोपली असो, प्लग काढल्याशिवाय विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वीज गेली, की घरचीच गेली?

आधी शेजारी डोकवा. त्यांच्याकडे दिवे असतील तर आपल्या बोर्डाकडे जा. हल्ली बहुतेक घरांत फ्यूजच्या जागी एमसीबीचे खटके असतात. खाली पडलेला खटका लगेच वर करू नका. तो उगाच पडत नाही. त्या भागातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा, मग खटका वर करा. राहिला, तर एकेक वस्तू लावत चला. जी लावताच खटका पडेल, ती चोर! काहीच लावलेलं नसताना पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिथे थांबा आणि वायरमनला बोलवा.

पुष्कळदा चोर कोणीच नसतो, गर्दी असते. हिशेब सोपा आहे. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला 230 ने भागा, म्हणजे अँपिअर निघतात. 1000 वॅटची इस्त्री साधारण 4.3 अँपिअर घेते, 1500 वॅटची किटली 6.5. दोन्ही मिळून झाले 10.8, आणि आपण त्या लावतो 6 अँपिअरच्या एकाच छोट्या सॉकेटवर! मग बोर्ड तापणार नाही तर काय? 2000 वॅटच्या गीझरला 16 अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं.

जुन्या घरात फ्यूज असेल तर उडालेल्या तारेच्या जागी जाड तार घालण्याचा मोह टाळा. फ्यूजची तार आपण जळून घर वाचवते. ती जाड केली की मग घरातली तार जळते.

आणखी एक. तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन अर्थिंगची. ती लांब असते, म्हणजे सॉकेटमध्ये सर्वांत आधी तीच टेकते. तिसरी पिन बसत नाही म्हणून ती मोडून दोन पिनांवर काम भागवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कृपा करून असं करू नका. शक्य असेल तर घरात आरसीसीबी बसवून घ्या. 30 मिलिअँपिअरचं हे यंत्र वीज अंगातून वाहू लागताच क्षणार्धात प्रवाह तोडतं. त्यावर चाचणीचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला पाहिजे.

मिक्सर

वाटण घट्ट झालं किंवा भांडं काठोकाठ भरलं की मोटर तापते आणि आतलं संरक्षक बटण तिला बंद करतं. हा बिघाड नव्हे, मोटरने घेतलेला दम आहे. प्लग काढा, थोडं वाटण बाहेर काढा, मोटर पूर्ण थंड होऊ द्या आणि बुडाचं लाल बटण दाबा. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, अशी तक्रार असेल तर भांड्याखालचा किंवा मोटरवरचा कपलर झिजलेला असतो. तो बदलण्याचं काम स्वस्तातलं आहे. जळका वास किंवा ठिणग्या दिसल्या मात्र, की सरळ दुकान गाठा.

कुकर

कुकरची शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ जाते? झाकणाचं रबर तपासा. ते सैल, कडक किंवा चिरलेलं असेल. थंड पाण्यात ठेवून थोडं ताठ होतं, पण ते चार दिवसांचं औषध. नवं रबर आणणं हाच उपाय. कडेने वाफ जात नाही आणि शिट्टीही होत नाही, तर लगेच गॅस बंद करा. कुकर पूर्ण निवल्यावर झाकणाची नळी उजेडासमोर धरा. आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस किंवा साल अडकलं असेल तर सुईने मोकळं करा.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर कुकरला नावं ठेवू नका. त्याने तुम्हाला वाचवलं आहे. आत पाणी संपलं होतं की नळी तुंबली होती, ते शोधा. नवा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्या. त्या भोकात खिळा किंवा दुसरं काही बसवून काम चालवणं म्हणजे स्वयंपाकघरात बॉम्ब ठेवणं. कुकर दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये आणि डाळीसारख्या फुगणाऱ्या जिनसांना अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नये.

गॅस

ज्योत पिवळी आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील तर बर्नर तुंबला आहे. थंड झाल्यावर तो काढा, साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, भोकं पिनेने मोकळी करा, पूर्ण वाळवून नीट बसवा. ज्योत निळी झाली की गॅसही वाचतो.

गॅसचा वास मात्र पहिल्या टोपलीतला नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून आधी शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांचं कोणतंही बटण चालू करू नका आणि चालू असेल तर बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. घराबाहेर जाऊन 1906 या मदत क्रमांकावर फोन करा. एरवी नळी गळते का ते पाहायचं तर साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतात. काडी पेटवून कधीही पाहू नका! नळी दर पाच वर्षांनी बदला, आणि त्याआधी चिरली तर त्याच दिवशी.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर लिहिलेली खूण वाचा. अ, ब, क, डसारखी तिथे इंग्रजी ए, बी, सी, डी अक्षरं असतात, वर्षाच्या चार तिमाह्यांसाठी. पुढे वर्षाचे दोन आकडे. ‘बी-27’ म्हणजे त्या सिलिंडरची पुढची तपासणी जून 2027 पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. तो तुमचा हक्क आहे.

आणि फ्रीज

फ्रीज गार करत नाही? आधी आतला खटका एखाद्या पातेल्याच्या धक्क्याने फिरला नाही ना, ते पाहा. मग दारात एक नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दाराचं रबर सैल आहे. ते कोमट साबणपाण्याने पुसून पाहा, नाहीतर बदला. बर्फ खूप साचला असेल तर फ्रीज बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं की गॅस गेला आणि मोठा खर्च आला. आणि फ्रीज ‘चावला’ तर काय करायचं, ते आता वेगळं सांगायला नको.

शेवटी दोन सूचना. एक छोटी वही करा. वस्तू कधी घेतली, काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, किती पैसे दिले, ते लिहा. कारागीर आला की “बघा हो जरा” म्हणण्याऐवजी “दहा मिनिटांनी बंद पडतो, तोवर आवाज ठीक असतो” असं सांगा. मग तोही नीट काम करतो. आणि काम झाल्यावर “हिरवी तार जोडलीत ना?” असं विचारायला अजिबात संकोचू नका.

दुसरी सूचना मुलींसाठी. मुलांसाठीही! मेन स्विच कुठे आहे, ते आज संध्याकाळी त्यांना दाखवा. माझ्या धाकटीला आता तो डोळे मिटूनही सापडतो. परवा इस्त्रीतून धूर आला तेव्हा मी गोंधळले होते. खटका पाडला तो तिनेच, पायात चपला घालून!