ऊस माझा, मग तो कुणाला घालायचा हे सरकार का ठरवतं? शरद जोशींचा स्वतंत्रतावाद समजून घ्या

सप्टेंबर २०२३. पाऊस कमी झालेला, ऊस कमी पडणार अशी चिन्हं. राज्य सरकारने आदेश काढला की महाराष्ट्रातला ऊस परराज्यात न्यायचा नाही. ही बंदी ३० एप्रिल २०२४ पर्यंत राहणार होती. कोल्हापूर जिल्ह्यात लगेच संताप उसळला. शिरोळ, कागल, गडहिंग्लज, चंदगड या तालुक्यांना कर्नाटकची हद्द लागून आहे आणि पलीकडच्या कारखान्यांना ऊस घालणारे शेतकरी इथे बरेच आहेत. राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने विरोध केला आणि काही दिवसांतच सरकारला आदेश मागे घ्यावा लागला.

बातमी तिथे संपली, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे. घामाने पिकवलेला माल कुणाला विकायचा, हे सांगायचा अधिकार सरकारला कुणी दिला? हा प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात ठामपणे विचारला तो शरद जोशींनी.

स्वतंत्रतावाद म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत याला 'लिबर्टेरियन' विचार म्हणतात. त्याचा गाभा सोपा आहे. माणसाचं शरीर, श्रम आणि मालमत्ता त्याची स्वतःची. दुसऱ्याचं नुकसान होत नाही तोवर त्याचं काय करायचं ते तो ठरवेल. सरकारचं काम संरक्षण, न्याय आणि करार पाळले जातात की नाही हे पाहणं, एवढंच.

या विचाराची मोठी परंपरा ब्रिटनमध्ये आहे. तिथे १८१५ पासून 'कॉर्न लॉज' होते, म्हणजे परदेशी धान्य सहज येऊ नये म्हणून केलेले कायदे. फायदा बड्या जमीनदारांचा, पाव महाग मात्र कामगाराचा. या कायद्यांविरोधात मँचेस्टरमध्ये १८३८ साली संघटना उभी राहिली आणि १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी ते रद्द केले.

पुढे मार्गारेट थॅचर यांनी १९७९ ते १९९० या काळात सरकारी कंपन्या विकल्या, नियम सैल केले. पण १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात सरकारने पोलिसांचा मोठा वापर केला. बाजार मोकळा करणारं सरकार दंडुका उगारताना मात्र कमकुवत नव्हतं. म्हणून थॅचर यांना 'आपलं' म्हणावं का, यावर स्वतंत्रतावाद्यांचं आजही एकमत नाही.

महाराष्ट्रात हा विचार शेतातून आला

ब्रिटनमध्ये 'सरकार कमी करा' हे खुद्द पंतप्रधान म्हणत होत्या. आपल्याकडे ते म्हणणारे लोक रस्ता रोखून बसले होते.

शरद जोशी मूळचे साताऱ्याचे, जन्म १९३५ चा. टपाल सेवेत अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. हिशेब मांडल्यावर त्यांना दिसलं की शेतकरी आळशी नाही, त्याच्या मालाचा भाव पाडला जातो. निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, सक्तीची लेव्ही हे सगळं शहरात स्वस्ताई ठेवण्यासाठी. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्यातूनच आली.

१९८० मध्ये कांद्याचं आंदोलन झालं. १९८१ मध्ये कोल्हापूरपासून तासाभरावर असलेल्या निपाणीत तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. पोलिसांनी गोळीबार केला, शेतकऱ्यांचे बळी गेले.

जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजकीय पक्षाची नोंदणी करताना 'समाजवादा'शी निष्ठा जाहीर करावी लागते. ही अट काढा, असं खासगी विधेयक त्यांनी राज्यसभेत मांडलं. १२ डिसेंबर २०१५ रोजी त्यांचं निधन झालं.

उसाला किती दोऱ्या बांधल्यात?

एकेकाळी महाराष्ट्रात झोनबंदी होती. म्हणजे तुमचं गाव ज्या कारखान्याच्या क्षेत्रात, तिथेच ऊस घालायचा, दर काहीही मिळो. शेतकरी संघटनेने याविरुद्ध मोठा लढा दिला आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात झोनबंदी गेली. पण बाकीच्या दोऱ्या राहिल्या:

- अंतराची अट: दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतर हवं, असा केंद्राचा नियम. महाराष्ट्राने ते २५ केलं. म्हणजे जवळ नवा कारखाना, नवा गिऱ्हाईक येणं अवघड.
- एफआरपी: उसाचा किमान दर केंद्र ठरवतं. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते.
- साखरेची विक्री: कारखान्याने किती साखर विकायची याचा कोटा आणि किमान विक्री दरही केंद्राकडून. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये ठरला.
- इथेनॉल: डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली. नंतर ती सैल केली, पण चालू हंगामाचं गणित बिघडलंच.

२०१२ मध्ये रंगराजन समितीने सांगितलं होतं की क्षेत्र आरक्षण आणि अंतराची अट काढा, आणि साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला द्या. २०१३ मध्ये लेव्ही साखर गेली. अंतराचा निर्णय केंद्राने राज्यांवर सोडला आणि महाराष्ट्रात अट कायम राहिली.

मग एफआरपी का हवी?

खरा पेच इथेच आहे. सरकार नको म्हणायचं, तर सरकारी दर तरी कसा मागायचा?

राजू शेट्टी जोशींच्याच चळवळीतून आले. २००४ मध्ये वेगळे झाले आणि त्यांचा भर राहिला एफआरपी एकरकमी मिळवण्यावर. कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. राज्य सरकारने २०२२ मध्ये ते हप्त्यांत द्यायची वाट काढून दिली. शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

शेट्टींच्या मार्गाच्या बाजूने एक भक्कम कारण आहे. ऊस कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. तोडला की वजन आणि उतारा घटायला लागतो. दीड-दोन एकरवाला शेतकरी कारखान्याशी घासाघीस करणार कशी? टोळी त्यांची, वाहन त्यांचं, काटाही त्यांचाच.

स्वतंत्रतावाद्यांचं उत्तर असं: शेतकरी दुबळा आहे कारण त्याच्याकडे दुसरा गिऱ्हाईक नाही, आणि दुसरा गिऱ्हाईक नाही कारण नियमाने येऊ दिला नाही. नियम करणारे आणि कारखाने चालवणारे राज्यात बऱ्याचदा एकाच वर्तुळातले असतात. आधी हात बांधायचे आणि मग आधार म्हणून काठी द्यायची, असा हा प्रकार.

दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. नुसत्या एफआरपीने काटामारी थांबत नाही, आणि जवळ एकच कारखाना असेल तर नुसत्या 'खुल्या बाजारा'ला अर्थ नाही. सीमेपलीकडच्या कारखान्याने दर जास्त दिला की अलीकडच्यालाही विचार करावा लागतो. २०२३ च्या बंदीने नेमका तोच पर्याय काढून घेतला असता.

म्हणून पुढच्या वेळी 'शेतकऱ्यांच्या हितासाठी' असा आदेश व्हॉट्सॲपवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी तपासा. यात हात कुणाचे बांधले जातायत? आणि या आदेशानंतर शेतकऱ्याच्या दारात येणारे गिऱ्हाईक वाढणार आहेत की कमी होणार आहेत?