उत्तर द्यायला बटणच नाही!

इंटरनेटवर सार्वजनिक प्रश्नाची चर्चा सुरू झाली, की दहाव्या प्रतिक्रियेपर्यंत मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि लोक एकमेकांची अक्कल काढू लागतात. तैवानमध्ये २०१५ साली उबरचा वाद असाच पेटला होता. टॅक्सीवाले चिडलेले, प्रवासी खूश, सरकार पेचात. अशा विषयावर एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी ऑनलाइन चर्चा करून चक्क एकमताचे मुद्दे काढले!

गंमत आहे ती एका गाळलेल्या बटणात. चर्चेसाठी वापरलेल्या ‘पोलिस’ या प्रणालीत (खाकी वर्दीशी संबंध नाही) कुणाला उत्तरच देता येत नाही. समजा, समोर वाक्य आलं : ‘भाडं घेणाऱ्या खासगी गाडीला प्रवाशांचा विमा सक्तीचा हवा.’ सहमत, असहमत की पुढे, एवढंच निवडायचं. नाहीच पटलं, तर आपलं वेगळं वाक्य लिहायचं.

मग गणित सुरू होतं. कोणी कशाला होकार दिला, कशाला नकार, याचा भलामोठा तक्ता तयार होतो. ज्यांची मतं जुळतात ती माणसं नकाशावर जवळ येतात, बाकीची लांब जातात. बघता बघता पडद्यावर तट दिसू लागतात आणि आपण कुठल्या तटात आहोत तेही कळतं. एरवीचा सोशल मीडिया हेच तट फुगवत बसतो. इथे मात्र सगळ्या तटांना पटलेली वाक्यं वर येतात. म्हणजे आपलं म्हणणं वर यावं असं ज्याला वाटतं, त्याला विरोधकाच्याही गळी उतरेल असंच लिहावं लागतं. अट्टल भांडखोरही शब्द तोलू लागतो. मला तरी ही जादूच वाटते.

तैवानमधल्या या प्रयोगाची मुळं २०१४च्या आंदोलनात आहेत. चीनशी होणाऱ्या व्यापार कराराविरोधात विद्यार्थ्यांनी तैपेईतली संसद तीन आठवड्यांहून अधिक काळ ताब्यात ठेवली होती. त्यानंतर सरकारमधल्याच एका मंत्रीणबाईंनी ‘गव्हझिरो’ या स्वयंसेवी प्रोग्रॅमरांच्या गटाला चर्चेचं व्यासपीठ उभारायला सांगितलं. तेच ‘व्ही-तैवान’. तिथेच झालेल्या उबरच्या चर्चेतले विमा, नोंदणी असे मुद्दे पुढे नियमांत उतरले.

अर्थात, इथले निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नाहीत. काही विषय तसेच पडून राहिले. पण ‘पोलिस’चा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला आहे. ‘हरकती व सूचना’ मागवणारी आपली कुठलीही नगरपालिका तो उद्यापासून वापरू शकते.