रंगविलेलें लाकूड आणि आपलें घर

घरांतील जुन्या वस्तूंचे आपण मनांतल्या मनांत दोन वर्ग करतों. सोनेंनाणें, तांब्यापितळेचीं भांडीं व शिसवी सामान हा पहिला वर्ग. मोडींत काढलें तरी त्याचा पैसा होतो, म्हणून तें जपलें जातें. दुसऱ्या वर्गांत हलक्या लाकडाच्या रंगीत वस्तू येतात : लग्नांतला चौरंग, बारशाचा पाळणा, देवघरांतील नक्षीचा पाट. यांचें लाकूड स्वस्त. म्हणून नक्षी फिकट झाली कीं दिवाळीच्या साफसफाईंत त्यांवर बाजारी ऑइलपेंटचा हात फिरतो. परंतु अशा वस्तूचें मोल लाकडांत नसून त्यावरील रंगाच्या पापुद्र्यांत असतें, आणि नेमका तोच आपण आपल्या हातानें नाहींसा करतों.

भोकरच्या वाचकांना याची साक्ष दूर शोधावयास नको. कल्याणवरून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ नांदेड, भोकर व भैंसा ओलांडून जेथें पोंचतो, तें निर्मल गांव या कलेचें एक माहेरघर आहे. १९५६ सालच्या प्रांतरचनेपूर्वी भोकर व निर्मल हीं दोन्ही गांवें एकाच हैदराबाद राज्यांत होतीं. आज मध्यें तेलंगणाची सीमा आहे. तेथील नक्काश कारागीर पोनिकी नांवाच्या झाडाचें मऊ, हलकें लाकूड कोरतात. चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्यानें त्याचे भाग सांधतात. वर पांढऱ्या मातीचा लेप देतात आणि मग रंग भरतात. खेळण्यांबरोबर चित्रफळ्या व घरगुती सामानहि तेथें तयार होतें. मात्र पोनिकीचें लाकूड दुर्मिळ होत चालल्यामुळें या धंद्यापुढें मोठी अडचण उभी आहे.

कोंकणांत सावंतवाडीचे चितारीहि गंजिफाच्या पानांना चिंचोक्याच्याच खळीचा लेप देत आणि रंगावर लाखेची झिलई चढवीत. चौरंग, पाट व देव्हारे यांवरहि तीच फुलांची नक्षी उतरली. हा धंदा बुडूं लागला, तेव्हां १९७०च्या दशकांत राजेसाहेब शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांना आश्रय देऊन तो पुन्हां उभा केला.

हा प्रश्न केवळ आपलाच नाहीं. नॉर्वे व स्वीडन या देशांतील शेतकरी पाइनच्या साध्या लाकडाच्या पेट्या व कपाटें वेलबुट्टीनें रंगवीत. वधूच्या पेटीवर तिचें नांव व साल घालीत. कारखान्यांचें युग आलें आणि ही संपत्ति अडगळ ठरूं लागली. १८७२ सालीं डालार्ना प्रांतांत फिरतांना आर्तूर हाझेलियस या गृहस्थानें हें पाहिलें, आणि दुसऱ्याच वर्षीं स्टॉकहोममध्यें संग्रहालय सुरूं केलें. आज त्याच पेट्या जगभर हौसेनें विकत घेतल्या जातात. आपल्याकडे दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, गृहोपयोगी वस्तू जमवून पुण्याच्या संग्रहालयाच्या रूपानें तेंच कार्य केलें. परंतु प्रत्येक घरचा चौरंग संग्रहालयांत जाऊं शकत नाहीं. तो घरींच टिकला पाहिजे.

टिकविण्याची रीत त्याच्या घडणींतूनच कळते. खळ पाण्यानें सुटते. म्हणून ओलें फडकें, साबण किंवा सोडा वापरूं नये. भेगेंतून ओल आंत शिरली कीं लेपासकट रंग उचलला जातो. लाख स्पिरिटनें विरघळते. म्हणून पॉलिशवाल्याच्या हातीं वस्तु देण्यापूर्वी दहादां विचार करावा. उन्हानें लाकूड आकसतें व पापुद्रे सुटतात. म्हणून ती उन्हांत वाळवूं नये. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी, पावसाळ्यांत ओल्या भिंतीपासून दूर ठेवावी, आणि वाळवीच्या भयानें पायांखालीं दगडी चिपा द्याव्या. रंग उडाला असेल तर तो तसाच राहूं द्यावा. उडालेली नक्षी दिसते तरी, पण झांकलेली नक्षी कायमची जाते.

येत्या दिवाळीपूर्वीं माळ्यावरच्या वस्तू खालीं काढाल, तेव्हां कुंचला बुडविण्याआधीं घरांतील वडील मंडळींना एवढेंच विचारा, कीं हा चौरंग कोणाच्या लग्नांतला ? तें उत्तर कागदावर लिहून चौरंगाच्या तळाशीं डकवून ठेवा. नातवंडांना पुढें वस्तूबरोबर तिची ओळखहि मिळेल.